लो-कार्ब आपल्याला सूट होईल का, हे कसं ठरवायचं

वजन कमी करायचंय म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो कार्ब्स, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थांतली कर्बोदकं, बंद करा असा. सांगणाऱ्याचं वजन खरंच उतरलेलं असतं म्हणून तो अगदी मनापासून सांगतो, आणि ऐकणारा दुसऱ्या दिवसापासून भात, ब्रेड, बटाटे, फळं सगळं एका झटक्यात बंद करून टाकतो. पण एकाला लागू पडलं ते दुसऱ्यालाही पडेलच असं नाही, आणि काही जणांसाठी तर हे चक्क धोक्याचं आहे. त्यामुळे सुरुवात जेवणापासून करू नका, औषधांपासून करा.

तुम्ही रोज घेता त्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून काढा. डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस तुमच्या आत्ताच्या खाण्यावर ठरलेला असतो. खाण्यातले कार्ब्स अचानक निम्मे झाले आणि डोस तोच राहिला की शुगर खूप खाली जाते, मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोकं काम करत नाही, आणि हे रात्री झोपेत झालं तर लक्षातही येत नाही. डायबिटीसच्याच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचं प्रकरण आणखी वेगळं आहे. या गोळ्या चालू असताना कार्ब्स अगदीच कमी केले तर किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे किटोन्स रक्तात साचून रक्त आम्लधर्मी होतं, आणि यातली भीती ही की मीटरवर शुगर जवळपास नॉर्मल दिसते म्हणून घरातल्या कुणालाच शंका येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2015 मध्येच याबद्दल इशारा दिलाय. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर मीटरवरचा आकडा बघून घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सांभाळा, कारण सुरुवातीच्या दिवसांत शरीरातलं मीठ आणि पाणी बरंच बाहेर जातं, बीपी उतरतं आणि उठून उभं राहिलं की चक्कर येते. याचा अर्थ गोळ्या आपल्या मनाने बंद करा असा मुळीच नाही, डॉक्टरांना आधी सांगा आणि डोस त्यांना ठरवू द्या.

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, किडनीचा आजार असेल, स्वादुपिंडाला आधी कधी सूज आली असेल, टाइप 1 डायबिटीस असेल, तर स्वतःच्या मनाने हा प्रयोग नकोच. वाढत्या वयाच्या मुलांवर तर अजिबात नको. आणि ज्यांना पूर्वी कधी उपाशी राहणं, मग भसाभसा खाणं, मग अपराधी वाटणं या चक्रातून जावं लागलंय त्यांनी तर दूरच राहावं असं मला ठाम वाटतं. एखादा पदार्थ कायमचा बंद ही भाषाच अशा माणसाला परत त्या चक्रात ढकलते, मग वजन किती उतरलं याला काही अर्थ राहत नाही.

यातलं काहीच तुम्हाला लागू नसेल तर मग पुढचं बघू. लो-कार्ब म्हणजे नक्की किती याची एकच व्याख्या नाही, पण साधारण दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असले की त्याला लो-कार्ब म्हणतात आणि 20 ते 50 ग्रॅमवर आणलं की ते किटो होतं. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब्स असतात, एका मध्यम केळ्यात 27 च्या आसपास, आणि 330 मिलीच्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास नुसती साखर. म्हणजे किटोत एक कॅन प्यायला की जवळजवळ दिवसाचा कोटा संपला. थेट 20 ग्रॅमवर उडी मारायची गरज बहुतेकांना नसते, 100 ते 130 ने सुरुवात करून बघा, तेवढ्यानेही बऱ्याच जणांना फरक पडतो.

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो आणि सगळे खूश होतात. नीट समजून घ्या, त्यातली बरीचशी चरबी नसते. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, साधारण 400 ते 500 ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब्स कमी झाले की हा साठा वापरला जातो आणि ते पाणीही निघून जातं. म्हणून दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की डाएट फेल गेलं असं समजू नका, खरं काम तर तिथून पुढे चालू होतं.

आता मूळ प्रश्न, यानेच जास्त वजन उतरतं का? स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने 609 लोकांवर वर्षभर अभ्यास केला, 2018 मध्ये तो छापून आला. अर्ध्यांना लो-कार्ब, अर्ध्यांना लो-फॅट. वर्षाच्या शेवटी लो-कार्बवाल्यांचं सरासरी 6 किलो उतरलं आणि लो-फॅटवाल्यांचं 5.3 किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाहीच. पण दोन्ही गटांत माणसामाणसात केवढा फरक! कुणाचं पंचवीस किलोच्या वर उतरलं तर कुणाचं उलट वाढलं. जनुकं बघून किंवा शरीर किती इन्सुलिन बनवतं ते बघून कुणाला कोणतं डाएट चालेल हे आधी सांगता येतं का तेही त्यांनी तपासलं, नाही सांगता आलं. त्यामुळे तुमच्यासाठी काय योग्य हे कुठल्या महागड्या टेस्टने कळेल या भरवशावर पैसे घालवू नका, ते करून बघूनच कळतं.

करून बघायचं तर ताट नीट लावा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ताटातला भात काढला, त्या जागी काहीच आलं नाही, दोन तासांत भूक लागली, मग मूठभर बदाम, मग चीज, मग आणखी मूठभर बदाम. एक मूठ बदाम म्हणजे 170 च्या आसपास कॅलरी, 100 ग्रॅम चीज म्हणजे 400, आणि तेलाचा मोठा चमचा एकेक 120 चा. कार्ब्स शून्याजवळ असूनही दिवसाच्या कॅलरी आधीपेक्षा वाढलेल्या! म्हणून भात काढला तर त्या जागी आधी भाज्या दुप्पट घ्या, मग अंडी, मासे, चिकन, पनीर, टोफू यातलं काहीतरी पोटभर घ्या, फॅट हे चवीपुरतं आणि शिजवण्यापुरतं. मांसाहार न करणाऱ्यांना इथे अडचण येते, कारण डाळी कडधान्यांत प्रोटीन असतं तसे कार्ब्सही असतात. माझं मत विचाराल तर त्यांनी कार्ब्सचा आकडा थोडा वर जाऊ द्यावा पण डाळी सोडू नयेत, प्रोटीन आणि फायबर दोन्ही जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

सहा ते आठ आठवडे द्या आणि काट्याव्यतिरिक्त काही गोष्टी लिहून ठेवा. दोन जेवणांच्या मध्ये भूक कमी झाली का? कंबरेचं माप? झोप कशी लागते, पोट साफ होतं का, चिडचिड वाढलीय का? पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं हे मीठ पाणी कमी पडल्याने बरेचदा होतं आणि जातं, पण महिन्यानंतरही तसंच असेल तर ते सहन करत बसू नका. वेगाने धावणं किंवा जोरात खेळणं असेल तर दम लवकर संपतोय का तेही बघा. सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) करून घ्या आणि दोन तीन महिन्यांनी लिपिड परत करा, कारण काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या डाएटवर चांगलंच वाढतं आणि बाहेरून काहीही कळत नाही.

भूक शांत झाली, रिपोर्ट ठीक आहेत, आणि घरच्यांबरोबर जेवताना त्रास होत नाही, तर खुशाल चालू ठेवा. टाइप 2 डायबिटीसवाल्यांना तर शुगरसाठीही याचा फायदा होतो, डॉक्टरांच्या देखरेखीत. पण दिवसभर खाण्याचाच विचार डोक्यात असेल, दर वीकेंडला सुटत असेल आणि सोमवारी परत कडक होत असेल, तर हे तुमच्यासाठी नाही आणि यात तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही. त्याच स्टॅनफर्डच्या अभ्यासात दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, पॅकेटमधलं टाळा हेच सांगितलं होतं, तेवढं धरून ठेवा आणि बाकीचे कार्ब्स परत आणा. एकदम नको, दर आठवड्याला एकेका जेवणात थोडे, आधी फळं आणि डाळी, मग अख्खी धान्यं. या काळात काटा एक दोन किलो वर जाईल, ते ग्लायकोजेन आणि पाणी परत आलेलं असतं, घाबरून पुन्हा सगळं बंद करू नका. आणि मध्यंतरी डायबिटीसच्या किंवा बीपीच्या गोळ्या कमी केल्या असतील तर कार्ब्स वाढवायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, डोस पुन्हा बघावा लागेल.