स्टेंट बसल्यानंतरची वर्षं

स्टेंट म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी. डिस्चार्जच्या फाइलमध्ये आधी दोन गोष्टी शोधा: स्टेंटचा स्टिकर आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीच्या दुसऱ्या गोळीची मुदत. स्टिकरवर कंपनी, व्यास, लांबी, बॅच नंबर असतो. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत लिहिलेली नसेल तर घरी जाण्याआधी लिहून घ्या.

गुठळी रोखणारी अ‍ॅस्पिरिन 75 मिलिग्रॅम बहुधा कायमची. जोडीला क्लोपिडोग्रेल 75 दिवसातून एकदा, किंवा टिकाग्रेलॉर 90 दोनदा. अटॅकनंतर स्टेंट बसला असेल तर ही जोडी साधारण 12 महिने, अटॅक न येता बसवला असेल तर 6. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. जाळीवर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी धरू शकते. तशी ती धरली की रक्तवाहिनी एकदम बंद पडते आणि तो अटॅक अनेकदा जिवावर बेततो. पहिला महिना सर्वांत नाजूक.

गोळी सुटते ती बहुतेक क्षुल्लक कारणाने. दात काढायचाय म्हणून, उपवास आहे म्हणून, गावाला जाताना स्ट्रिप घरी राहिली म्हणून. दात काढण्यासाठी किंवा मोतीबिंदूसाठी सहसा ती थांबवावी लागत नाही. कुणी थांबवायला सांगितलंच तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं वाटतं. औषध बदलून मिळतं, स्वतःहून बंद करू नका. अ‍ॅसिडिटीसाठी क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल नको, पॅन्टोप्राझोल चालतं. गुडघेदुखीला आयब्युप्रोफेन टाळा.

तीच जागा पुन्हा अरुंद होणं ही वेगळी तक्रार. स्टेंटशिवाय नुसत्या फुग्याने रक्तवाहिनी रुंद करायचे त्या काळात ती 30 ते 40 टक्के रुग्णांत दिसायची, साध्या धातूच्या स्टेंटमध्ये 20 ते 30. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमध्ये साधारण 10 टक्क्यांच्या आत आली. ती हळूहळू येते: पूर्वी सहज चढत होतात त्या जिन्यावर छाती भरून येते. असं झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. बसल्याजागी छातीत दाब, घाम, दम असेल तर सरळ 108.

वर्षानंतरचे बरेच अटॅक मात्र स्टेंटच्या जागी नव्हे, दुसरीकडच्या चरबीच्या थरातून येतात. म्हणून ‘ब्लॉकेज काढला’ हे अर्धसत्य आहे. अटॅक नसलेल्या, स्थिर दुखण्याच्या रुग्णांत स्टेंटने छातीतलं दुखणं कमी होतं, पण आयुष्य वाढत नाही, हे 2007 च्या ‘करेज’ या रुग्णांवरच्या संशोधनात दिसलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55 च्या (मिग्रॅ/डेसिली) खाली हवं. त्यासाठी कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40–80 किंवा रोसुव्हास्टॅटिन 20–40 लागतं, कमी पडलं तर सोबत एझेटिमाइब ही दुसरी गोळी. रिपोर्ट चांगला आला म्हणून स्टॅटिन सोडू नका. तो चांगला येतो स्टॅटिनमुळेच. तंबाखू, मिश्री, बिडी पूर्ण बंद.

तक्रार नसताना दरवर्षी स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) करून घ्यायची गरज सहसा नसते. ते पैसे गोळ्यांसाठी ठेवा.