रोल भरण्याआधी

माळ्यावरून काढलेला कॅमेरा रविवारी सकाळी शनिवारवाड्यावर न्यायचा असेल, तर शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर तो टेबलावर घ्या. नवा रोल डबीतच राहू द्या. मागचं झाकण उघडायची घाई नको. आधी रोल गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ताण लागला तर आत कुणाचा तरी अर्धवट रोल आहे. तळाचं बारकं बटण दाबून तो पुरता गुंडाळा, मगच उघडा. त्यात कुणाची मुंज निघेल सांगता येत नाही.

आता आकडे. कॅमेऱ्यावरच्या काही चकत्या यंत्राला हुकूम देतात, काही नुसती आपल्याला आठवण करून देतात. हा फरक कळला की निम्मी भीती जाते. उजेड मोजणारं मीटर नसलेल्या कॅमेऱ्यावरची एएसए-डीआयएनची (म्हणजे रोलच्या वेगाची, तो उजेड किती पटकन टिपतो त्याची) चकती कितीही फिरवा, फोटोत काडीचा फरक पडत नाही. आत कोणता रोल आहे याची ती चिठ्ठी. (१०० एएसए म्हणजे २१ डीआयएन, ४०० म्हणजे २७. दर तीन डीआयएनला वेग दुप्पट.) मीटर असेल तर मात्र तीच चकती हुकमाची होते, आणि चुकली तर सगळा रोल चुकतो.

शटरच्या चकतीवरचा १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. फार जुन्या कॅमेऱ्यांवर २५, ५०, १०० असे टप्पे दिसतील, बिघाड समजू नका. 'बी'वर बोट दाबून ठेवाल तोवर शटर उघडं राहतं. पूर्वी रबरी फुगा दाबून शटर उघडत, त्या बल्बचा तो बी. झाकण उघडं ठेवून १ सेकंदावर शटर मारा आणि ऐका. कर्रर्र करत मध्येच अडकलं तर तेल घट्ट झालंय. उद्या ६०च्या खाली उतरू नका. झोर्की किंवा फेड हे सोव्हिएत कॅमेरे असतील तर आधी चावी (रोल पुढे सरकवून शटर ताणणं), मग वेगाची चकती. उलट केलंत तर दुरुस्तीचा खर्च.

लेन्सभोवती एम, एक्स, व्ही अशी अक्षरं असतील तर कांडी एक्सवर ठेवा. तो आजच्या फ्लॅशसाठी, एम जुन्या जळणाऱ्या बल्बांसाठी. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. त्याला हात लावू नका. तो अडकला की शटरही अडकतं.

अंतराच्या कड्यावर दोन ओळी असतात, एक फुटांची, एक मीटरची. माझा पहिला रोल इथेच गेला. मंडईत भाजीवाल्या मावशी माझ्यापासून पाच फुटांवर बसलेल्या, मी ५चा आकडा लावला तो मीटरच्या ओळीतला. मागच्या खांबावरचं पोस्टर लख्ख आलं, मावशी धुकट. दोन ओळींचे रंग बहुधा वेगळे असतात. आपली कोणती ते रात्रीच ठरवा. शेजारी दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे ऍपर्चरचे (लेन्समधल्या उजेडाच्या भोकाचे) आकडे जोडीने दिसतात, तीही चिठ्ठीच, कुठून कुठवर स्पष्ट येईल याची. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर अनंताची आडवी आठ एका ११वर आणली, तर दुसरा ११ बाराएक फुटांवर येतो. ऍपर्चर खरोखर ११ असेल तर त्यामधलं सगळं स्पष्ट.

मीटरच्या सेलची खाच जुनी १.३५ व्होल्टची असेल, तर त्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, भोवती वायसर घालून, चालतो. दीड व्होल्टचा बसतो खरा, पण मीटर थापा मारतं.

मीटर नसलं तरी १०० एएसएच्या रोलला लख्ख उन्हात शटर १२५ आणि ऍपर्चर १६ पुरे. पण वाड्याच्या दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सकाळी पटांगणात ऊन आणि दरवाजा सावलीत, तिथे ऍपर्चर ४ लावा.

सकाळी रोल भरून चावी देताना गुंडाळायची खुंटी उलटी फिरतेय ना बघा. फिरत नसेल तर रोलचं टोक आत धरलेलंच नाही, छत्तीसही फोटो वाया. मग रोलच्या खोक्याचा नाव-वेग छापलेला तुकडा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवा.