जुनी इटालियन चामड्याची पर्स: एका पावसाळ्यात घालवायची नसेल तर या चुका टाळा

इटलीत अरेझ्झो नावाचं गाव आहे. तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, १९६८ पासून. तिथल्या उतरत्या चौकात, पिआझ्झा ग्रांदेमध्ये, मी एक तपकिरी पर्स घेतली. कुठल्याही मोठ्या फॅशन घराण्याचं नाव तिच्यावर नव्हतं. आत फक्त ‘वेरा पेल्ले’ (अस्सल चामडं) असा ठसा होता आणि चामडं जाड, तरीही मऊ होतं. विकणाऱ्या आजींच्या कपाटात ती कित्येक वर्षं होती आणि तिला काही झालं नव्हतं. ठाण्याला आणल्यावर जूनमध्ये मी ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवली. गणपतीत नेसायला साडी काढताना पिशवी उघडली, तर पर्सवर पांढरी बुरशी पसरलेली. घाबरून मी खोबरेल चोळलं. बुरशी गेली, पण तेलाचे काळपट डाग आजही तसेच आहेत.

या दोन्ही चुका आपल्याकडे घरोघरी होतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच लिहिते.

प्लास्टिक, बंद कपाट आणि पावसाळा

अरेझ्झो ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानातलं बरंच चामडं झाडांच्या सालीतल्या आणि लाकडातल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावतात: चेस्टनट, केब्राचो आणि मिमोसा. मिमोसाचं झाड आपल्या बाभळीच्याच गोतातलं. कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलं जातं, त्यामुळे नव्या कोल्हापुरीचा आणि अशा इटालियन पर्सचा वास मला बहिणी-बहिणींसारखा वाटतो. कोल्हापुरी पावसात घालायची नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पर्सच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो, कारण ती कपाटात असते आणि कपाटात पाऊस पडत नाही.

पण दमटपणा शिरतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळतं, आणि मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज ८० च्या वर असते. प्लास्टिकच्या पिशवीत चामड्यातला ओलावा कोंडला जातो. चामड्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फार कोरडी हवाही वाईट, तिने तडे जातात. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते कपाटात ठेवा, अंदाजावर राहू नका.

पर्स ठेवायला सुती पिशवी घ्या. आईच्या जुन्या मलमलच्या साडीची शिवलेली पिशवी उत्तम, फक्त कापड पांढरं किंवा रंग न जाणारं हवं. आकार टिकावा म्हणून आत पांढरा कागद किंवा मऊ सुती कापड भरा. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या कायम काम करतात असं समजू नका. ओलावा पिऊन त्या भरतात, मग वाळवून घ्याव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात. पर्स खुंटीला टांगून ठेवू नका, बंद ताणले जातात. डांबराच्या गोळ्या तर पर्सच्या आसपासही नकोत, तो वास चामड्यातून वर्षानुवर्षं जात नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पर्स बाहेर काढून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर अर्धा तास ठेवा. एवढं केलं असतं तर माझी पर्स वाचली असती.

बुरशी आलीच, तर ती पर्स लगेच इतरांपासून वेगळी करा. ओल्या कापडाने पुसायला धावू नका, त्याने बुरशीचे कण चामड्यात अजून घासले जातात. आधी सावलीत पूर्ण वाळू द्या. मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत किंवा गच्चीत मऊ ब्रशने हलक्या हाताने झटका. उन्हात ठेवायचा मोह होतो, पण कडक ऊन चामड्याचा रंग उडवतं आणि ते कडक करतं.

घरगुती तेलं, साबण, सॅनिटायझर

खोबरेल आणि ऑलिव्ह तेल चामड्यात एकसारखं मुरत नाही. जिथे जास्त लागलं तिथे डाग पडतो, आणि काही महिन्यांनी तेल खवट होऊन वास मारतं. बुटांचं पॉलिशही नको, तो रंग साडीला किंवा कुर्त्याला लागतो. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं आणि साबण बहुधा अल्कधर्मी, त्यामुळे साबणाने धुतलेलं जुनं चामडं कोरडं पडून तडकतं. बाळांचे ओले वाइप्स, शाईच्या डागावर हेअरस्प्रे, चिकट डागावर नेलपॉलिश रिमूव्हर, हे सगळे उपाय वरचा थर काढून टाकतात. डाग गेला असं वाटतं तेव्हा त्याच्यासोबत रंगही गेलेला असतो.

सॅनिटायझरबद्दल खास सांगते. हात ओले असताना पर्सची मूठ पकडली की त्यातलं अल्कोहोल चामड्यावरच्या लेपावर काम करतं आणि तिथे चिकट, पांढुरका चट्टा उमटतो. अत्तराचंही तेच. हात वाळू द्या, मग पर्स उचला.

मग लावायचं काय? फारच थोडं. कोरड्या मऊ कापडाने पुसणं हीच निम्मी देखभाल. वर्षातून एकदा किंवा दोनदा, चामड्यासाठीच बनवलेलं रंगहीन कंडिशनर वाटाण्याएवढं कापडावर घेऊन, आधी तळाला किंवा झाकणाखाली लावून एक दिवस वाट बघा. रंग बदलला नाही तरच पुढे जा. विणलेल्या चामड्याच्या पर्सला घट्ट क्रीम लावूच नका. बोत्तेगा वेनेता हे घराणं १९६६ मध्ये विचेन्झाला सुरू झालं आणि अशा विणीसाठीच ओळखलं जातं. त्या विणीच्या फटींत क्रीम साचून पांढरं राहतं, काडीने काढायला गेलात तर पट्टी तुटते.

अस्तर चिकट झालंय, आता क्रीम लावू?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांतल्या अनेक पर्सच्या आत पॉलियुरेथेनचं, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर असतं. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात. आधी ते चिकट होतं, मग त्याचे काळे-तपकिरी पापुद्रे सुटून रुमालाला, पाकिटाला, बोटांना लागतात. पर्स वापरली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘एकदाही न वापरलेली, डब्यातच ठेवलेली’ अशी जाहिरात वाचून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, डब्यातली पर्सही आतून विरघळलेली असू शकते.

यावर एकच खरा इलाज, अस्तर बदलणं. चामड्याच्या कामात हात बसलेल्या कारागिराकडे द्या आणि आधी ठरवून घ्या: नवं अस्तर सुती किंवा मऊ चामड्याचं, जुना ठसा आणि क्रमांकाचा तुकडा जपून पुन्हा बसवायचा, बाहेरची शिलाई शक्य तितकी न उसवता. टाल्कम पावडरने चिकटपणा दोन दिवस कमी वाटतो, मग पावडरच पापुद्र्यांत मिसळून लगदा होतो.

ठसा बघून घेणं

‘वेरा पेल्ले’ म्हणजे ‘अस्सल चामडं’, एवढंच. दर्जा, वय किंवा कारखान्याबद्दल तो ठसा काही सांगत नाही. ‘मेड इन इटली’ही कुणीही छापू शकतं. गुच्ची या इटालियन घराण्याच्या नव्वदच्या दशकातल्या आणि नंतरच्या पर्समध्ये आतल्या चामडी पट्टीच्या मागे दोन ओळींत अंक असतात, वरचे नमुन्याचे आणि खालचे पुरवठादाराचे. पण त्याआधीच्या कित्येक अस्सल पर्सना असा क्रमांक नसतोच. क्रमांक नाही म्हणून नकली, किंवा आहे म्हणून अस्सल, दोन्ही घाई. आणि अक्षरांच्या नक्षीच्या पर्स बऱ्याचदा चामड्याच्या नसून प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाच्या असतात. त्यांना चामड्याचं कंडिशनर लावून उपयोग नाही.

मी आधी हाताने आणि नाकाने बघते. मुठीची खालची बाजू, चारही कोपरे, कडेचा रंग, चेनचे शेवटचे दात. चामडं हलकेच वाकवा. घडी सोडल्यावर मिटली तर ती सुरकुती, उघडी राहिली तर ती भेग, आणि भेग भरत नाही. बोटाला विटेसारखी लाल भुकटी लागली तर पर्स परत ठेवा. तो झाडांच्या टॅनिनने कमावलेल्या जुन्या चामड्याचा क्षय आहे आणि तेलाने तो थांबत नाही. गुच्चीची बांबूच्या मुठीची पर्स १९४७ मधल्या युद्धोत्तर टंचाईच्या काळातली कल्पना. अशी पर्स घेताना मूठ जिथे वळते तिथली चीर नखाने तपासा. ऑनलाइन घेत असाल तर याच जागांचे आणि आतल्या बाजूचे फ्लॅश मारून काढलेले फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या, दुसरी मिळते.

मगर, घोरपडीच्या जातीची सरडी किंवा अजगर यांच्या कातड्याच्या जुन्या इटालियन पर्स बाजारात सुंदर दिसतात. पण असे बरेच प्राणी साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. परवान्याशिवाय आणलेली पर्स विमानतळावर जप्त होऊ शकते. ‘जुनी आहे, मग चालतं’ हे विकणाऱ्याचं बोलणं पुरेसं नाही.

वापरताना

साठ-सत्तरच्या दशकातल्या, तोंडाला धातूची चौकट असलेल्या पर्स लहान असतात. त्यात पॉवर बँक, बाटली, डबा कोंबला की बिजागरी वाकते आणि पुन्हा नीट लागत नाही. साडीवर लांब बंदाची पर्स घेतली की ती पदराच्या निऱ्या ओढते आणि जरीने चामड्याला ओरखडे पडतात. छोटी मुठीची पर्स कोपराच्या वाकात घ्या, बांगड्या वर सारून. नव्या गडद जीन्सचा आणि न धुतलेल्या खणाचा रंग फिक्या चामड्यात उतरतो, तो निघत नाही. हळदीकुंकवाला मात्र ती पर्स जरूर न्या. फक्त आधी एक छोटी कापडी पिशवी आत ठेवा आणि कुंकवाच्या पुड्या, विडा, ओटीचे तांदूळ, सगळं त्यात टाका.