जुन्या इंग्लिश किटलीचं बूड वाचताना

स्टोक-ऑन-ट्रेंटला राहायला आल्यापासून रविवारी सकाळी कार बूट सेलला जायची मला खोडच लागली. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात, आणि या कुंभारांच्या गावात त्यात चहाची किटली हमखास असते. माझी किटली तिथलीच: हिरवी-तपकिरी, अंगावर बांबूची उठावाची पानं, झाकणाला टवका.

अशी किटली हाती आली की आधी आत बोट फिरवा. बाहेर पान उठलंय तिथेच आत खळगा लागला, तर पातळ माती साच्यात ओतून ती केलेली. तोटीखाली आणि कानापाशी साच्याची शिवणही दिसते. टवक्यावर ओलं बोट टेकवा. पाणी चटकन शोषलं गेलं तर कमी भाजलेली माती, म्हणजे अर्दनवेअर. आत टॉर्च धरून उजेड आरपार आला तर ती पोर्सिलीन, मग पुढचं सगळं वेगळं.

आता बूड. शंकरपाळ्यासारखी चौकट आणि तिच्या टोकावरच्या गोलात रोमन चार दिसला तर नशीब उघडलं. ही डिझाइन नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ मधली. रोमन चार म्हणजे चिनीमातीचा वर्ग. वर्षासाठी अक्षर असतं, पण तीच अक्षरं दोनदा वापरलेली आहेत. मी 'ए' पाहिला, १८४५ ठरवलं आणि भावाला फोटो पाठवून मोकळी झाले. रात्री डोक्यात आलं, ही जाड रंगीत झिलई मजोलिका नावाच्या भांड्यांची, आणि मिंटन या कारखान्याने ती जगापुढे मांडली १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात. १८४५ला कुठून येणार? पुन्हा पाहिलं. गोलाखाली, वरच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर १८६७पर्यंतची खूण. तिथे आकडा असेल तर १८६८ नंतरची, आणि मग वर्षाचं अक्षर उजवीकडे. माझा 'ए' उजवीकडे होता: १८७१. तेही नोंदणीचं वर्ष. किटली नंतरही घडलेली असू शकते.

खूण नसेल आणि नुसतं 'इंग्लंड' छापलं असेल, तर बहुधा १८९१ नंतरचा माल. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे देशाचं नाव घालावं लागू लागलं.

कारखान्यांच्या नावांत फसगत फार. 'वेजवुड'च्या स्पेलिंगमध्ये मधे जादा 'ई' असेल तर ते स्टॉकटनच्या विल्यम स्मिथचं काम. खऱ्या वेजवुडने त्याच्यावर कोर्टातून मनाई आणली होती. 'वेजवुड अँड कंपनी' टनस्टॉलची, तीही वेगळी. मिंटन नाव मातीत ठसवायचे आणि जोडीला वर्षाचं छोटं चिन्ह. लाँगटनच्या जोसेफ होल्डक्रॉफ्टची 'जेएच' ही गुंफलेली अक्षरं. जॉर्ज जोन्सच्या बुडावर हिरवे-तपकिरी डाग आणि मधे अंगठ्याएवढी पांढरी जागा, तिथे काळ्या शाईत नमुन्याचा क्रमांक. माझ्या किटलीला तशी जागा आहे, क्रमांक मात्र घासून गेलाय.

(यात चहा करू नका. या झिलईत शिसं असतं.)

नोंदणीच्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. तारीख आणि डाव्या कोपऱ्यातला क्रमांक जुळला की नोंदवणाऱ्याचं नाव मिळतं. माझा तो आकडा झिलईने बुजलाय. टॉर्च आडवा धरून पाहिला, कधी तीन वाटतो, कधी आठ. दोन्ही टिपून नेणार आहे. सध्या किटलीखालच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'जॉर्ज जोन्स, बहुधा'.