दसरा काढताना येझदी सापडली तर

पितृपंधरवडा सरत आला की आमच्याकडं घरोघरी दसरा काढायला घेतात. गोधड्या-वाकळा विहिरीवर जातात, माळवदावरची भांडी खाली उतरतात, आणि एखाद्या शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीमागं, रिकाम्या पोत्यांखाली आजोबांची येझदी मोटारसायकल निघते. मग फोन येतो, "गाडी सापडली, खंडेनवमीच्या पूजेला चालू पाहिजे." हातात असतात दहा-बारा दिवस. माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी धुवा, पुजा, झेंडूचा हार घाला, पण किक मारू नका. चालू करायला दिवाळीचा पाडवा धरा.

हे मी ठेच खाऊन सांगतोय. आमच्या तात्यांची येझदी मी अशीच बाहेर ओढली होती. नवा प्लग टाकला, बाटलीभर पेट्रोल ओतलं, तिसऱ्या किकला फुर्र झाली. अंगणभर पांढरा धूर, पोरं टाळ्या पिटतायत, आज्जीच्या डोळ्यांत पाणी. चार मिनिटांनी खर्र असा आवाज झाला आणि गाडी थांबली ती थांबलीच. हेड उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, जुन्या पेट्रोलचा डिंक बसला होता, त्यामुळं पेट्रोल तुटपुंजं जात होतं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं, म्हणजे पेट्रोल कमी तर तेलही कमी. चार मिनिटांच्या हौसेपायी सिलिंडर आतून कातून, म्हणजे बोअर करून घ्यावं लागलं, नवा पिस्टन घालावा लागला.

तेव्हा पहिल्यांदा गाडीला हात न लावता घरातली कागदांची ट्रंक उघडा आणि आरसी बुक शोधा. लोक कागद शेवटाला ठेवतात आणि पैसे घालून बसल्यावर आरटीओच्या दारात रडतात. आजोबांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायला नमुना ३१चा अर्ज लागतो. तो खरं तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. वीस वर्षं उलटली असली तरी मार्ग तोच, वर दंड. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत. माझ्या पाहण्यात जाम झालेला पिस्टन सुटतो, चुलतभावाची सही सुटत नाही, म्हणून ती आधी घ्या, गाडी अजून गंजलेली दिसतीय तोवर. चकाकायला लागली की सगळ्यांनाच आजोबा आठवतात. चेसिस आणि इंजिनावरचे नंबर घासलेटाच्या फडक्यानं पुसून कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या आणि बुकाशी एकेक आकडा ताडून पहा. मधल्या काळात कुणी इंजिन बदललं असेल तर ते इथंच कळतं.

गाडीचं वयही इथंच ठरवून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१पासून जावा निघू लागल्या, १९७३पासून टाकीवर येझदी हे नाव आलं, रोडकिंग हे येझदीचं मॉडेल १९७८चं, आणि १९९६ला कारखाना बंद पडला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढं ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. ज्याला बाजारच्या दिवशी तालुक्याला जायचंय त्यानं हा नाद सोडावा आणि नमुना २५ भरून, तपासणी करून पाच वर्षांचं साधं नूतनीकरण घ्यावं. रोडकिंगवाल्यांचा तर प्रश्नच नाही, सगळ्यात जुनीलाही पन्नाशी गाठायला २०२८ उजाडणार.

आता मोबाइलवाल्या पुतण्याला समोर बसवा. त्याच्या डोक्यात बॉबर असतो नाहीतर कॅफे रेसर. मडगार्ड अर्धं कापायचं, सीट एकट्याची, हँडल खाली, सायलेन्सर बोडका. दोन्ही तऱ्हांना आपापला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोरांनी वजन कमी करायला मडगार्ड छाटली, तो बॉबर. लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर पन्नास-साठच्या दशकात वेगासाठी वाकून बसायची गाडी केली, तो कॅफे रेसर. मला त्या गाड्या आवडतात. पण त्यासाठी ही गाडी नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मध्ये तेच सांगितलं, आणि व्हिंटेजची वाट तर पहिल्याच कापाला बंद होते.

कायदा बाजूला ठेवला तरी या गाडीची घडण कापायसारखी नाही. उन्हात उभी करून जरा लांबून बघा. इंजिनाची दोन्ही झाकणं गोल, अंड्यासारखी. साखळी पूर्ण डब्यात बंद, म्हणजे काळ्या मातीची धूळ आत जात नाही आणि धोतरही अडकत नाही. स्पीडोमीटर हेडलाइटच्याच कवचात. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, म्हणून मागून पाहताना गाडी दोन्ही अंगांनी सारखी भरते. एक वस्तू काढली की दुसरी उघडी पडते. पुतण्याला बॉबरच हवा असेल तर त्यानं चित्र काढावं, पुठ्ठ्याची सीट करून बघावी. ग्राइंडर मात्र घरात येऊ देऊ नये.

इंजिनाची गोष्ट सावकाश करायची. आधी उंदीर आणि माशा. एअर फिल्टरचा डबा उघडा. माझ्या गाडीत अर्धा शेर करडई आणि कापसाचा बोळा निघाला होता. सायलेन्सरच्या नळकांड्यात कुंभारीण माशीची मातीची घरं असतात, ती तारेनं खरवडून काढा. मग प्लग काढून त्या भोकातून थोडं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आणि डिझेल सोडा आणि गाडी तशीच राहू द्या. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. नंतर मधल्या स्टँडवर चढवून, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवत रहा. सुटलं तर चाकासोबत इंजिन फिरेल. नाही सुटलं तर परत तेल आणि परत वाट. इथं किकवर उभं राहणारा माणूस किकचा शाफ्ट तोडतो. तो शाफ्ट मग पुण्याच्या नाना पेठेत शोधायचा किंवा लेथवर करून घ्यायचा. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ला आला आणि त्याच्या आजूबाजूला हात बसलेले लेथवाले तयार झाले. बुश, पिन, स्पेसर असलं काही हवं असेल तर नमुना खिशात घालून वाळूज-चिकलठाण्याच्या शेडमध्ये फिरा, काम होतं.

इंजिन फिरलं म्हणून हुरळू नका. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील इतक्या वर्षांत वाळून कडक झालेली असतात. टू-स्ट्रोकचा श्वास या सीलांवर चालतो. एका बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबतच नाही. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतं. सील तशी स्वस्त असतात, महाग असते ती इंजिन उघडायची मजुरी. म्हणून उस्तादाकडं, म्हणजे मिस्तरीकडं, नेलंच आहे तर दोन्ही बदलून घ्या. आणि उस्ताद म्हातारा बघा. ज्यानं येझदी वापरात असताना हाताळली, त्याला आवाजावरून कळतं. त्याच्या हाताखालच्या पोराला गाडीचं वेड नसतं, दुपारच्या डब्याचं असतं.

टाकीत वाकून टॉर्च मारा. तळ तांबडा दिसला तर बारीक साखळीचा तुकडा आत टाकून, गंज काढायचं द्रावण घालून तासभर हलवा, खळखळून धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. आमच्याकडं ऊन फुकट आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ही गाडी त्याच्या फार आधीची. इथेनॉल हवेतली ओल धरतं, टाकी पुन्हा गंजवतं, जुनं रबर फुगवतं. पेट्रोलची नळी, कॉकमधले वॉशर, कार्बोरेटरमधलं रबर नवं घाला. या पेट्रोलावर मिश्रणही थोडं पातळ पडतं, त्यामुळं मेन जेट एक नंबर मोठा लागू शकतो, ते उस्तादाला प्लग दाखवून ठरवा. प्लगच्या टोकाचा रंग चांगल्या भाजलेल्या भाकरीच्या डागासारखा हवा. पांढरट असेल तर गाडी पुढं नेऊ नका. आणि गाडी पंधरा दिवसांवर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामं करून ठेवा, टाकीत मिसळलेलं पेट्रोल साठवू नका.

वीज सहा व्होल्टची. बहुतेक जुन्या जावा-येझदीत डायनमो आणि बॅटरीवर ठिणगी पडते, म्हणजे बॅटरी मेली की गाडी मेली. घरात पडलेली मोपेडची बारा व्होल्टची बॅटरी जोडायचा मोह होतो. त्यानं कॉइल तापते आणि बल्ब उडतात. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिशच्या कागदानं घासून ०.४ मिलीमीटरच्या आसपास फट ठेवा, कंडेन्सर नवा घाला. वायरिंग उंदरानं कुरतडलेलं असेल तर जोड देत बसू नका, पूर्ण माळच बदला.

ब्रेकचे लायनर बदला. जुन्या लायनरची भुकटी तोंडानं फुंकू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. टायरवर भेगांची जाळी दिसत नसली तरी बाजूचा चार आकडी ठसा वाचा. पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

रंगाचं मी मुद्दाम मागं ठेवलंय, कारण लोक तेच पहिलं करतात. सापडली त्या आठवड्यात गाडी रंगाऱ्याकडं जाते आणि चकचकीत चॉकलेटी होऊन येते. मूळचा मरून तसा नसतो, त्यात जरा वीट असते. आधी रॉकेल आणि मऊ कापडानं एक कोपरा पुसून बघा. रंग साठ टक्के शिल्लक असेल तर मेण लावून तसाच राहू द्या. आजोबांच्या गुडघ्यानं टाकीच्या रबरावर केलेला खळगा कुठल्या दुकानात मिळणार? रंगवावंच लागलं तर टाकीवरच्या सोनेरी रेघा स्टिकरनं मारू नका. ट्रकच्या पाठीवर नाव लिहिणारा पेंटर अजून प्रत्येक तालुक्यात एखादा आहे, त्याच्या ब्रशचा हात बघा.

एवढं झालं की पाडव्याला किक. लिटरला चाळीस मिली टूटी, कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं, दोन किक चावी बंद ठेवून, तिसरी चावी लावून. धूर होईल, होऊ द्या. दोन मिनिटांनी बंद करून थंड होऊ द्या, पुन्हा दोन मिनिटं. नवा पिस्टन घातला असेल तर पहिले काही शे किलोमीटर चाळीसच्या पुढं काटा नेऊ नका आणि एका दमात लांब जाऊ नका.

पहिल्या फेरीला लोकांना देव आठवतो. अंबाजोगाईहून परळीला वैजनाथाचं दर्शन, पंचवीसेक किलोमीटर, निम्मा उतार. उतारावरच टू-स्ट्रोक मरते हे ध्यानात ठेवा. थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये घाट उतरलात तर पेट्रोल येत नाही आणि त्याच्यासोबतचं तेलही येत नाही, चाक मात्र इंजिन फिरवत राहतं. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. खिशात दोन प्लग, प्लगपाना, क्लच वायर, फ्यूज, टूटीची छोटी बाटली. ट्यूब आणि पंप तर हवेच, बाभळीचा काटा गाडी जुनी का नवी विचारत नाही. आणि निघण्याआधी हँडलवरचा झेंडूचा हार काढून घ्या, माझ्या दुसऱ्या फेरीत तो थ्रॉटलच्या वायरीत गुंतला होता.