लिनिअर स्विच आणि आवाज: या चुका टाळा

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली एक स्विच असतो; मध्ये खटका न लागता सरळ खाली जातो तो लिनिअर. असे नवे लिनिअर स्विच बसवले की चार दिवसांत ठरलेली तक्रार येते: "व्हिडिओत ऐकला तसा आवाज माझ्याकडे का येत नाही?" कारण व्हिडिओत नुसता स्विच वाजत नसतो. स्विच जिच्यात बसतात ती प्लेट, बाहेरची केस, कळांच्या टोप्या म्हणजे कीकॅप, खालची मॅट, कळांना जवळजवळ चिकटलेला माइक, सगळं एकदम वाजत असतं. यातलं एकही तुमच्याकडे तसंच नाही. त्यामुळे तो व्हिडिओ ऐकून स्विच मागवणं ही पहिली चूक, आणि ती मी स्वतः दोनदा केली आहे.

पण खरी नासधूस होते ती ल्यूबच्या, म्हणजे स्विचला आतून लावायच्या वंगणाच्या, डबीपाशी.

क्रायटॉक्स २०५जी० हे लिनिअरवाल्यांचं लाडकं ग्रीस. चांगलंच घट्ट असतं. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा माझा हिशेब सरळ होता: थोड्याने आवाज सुधारतो, तर भरपूर लावू. ८७ कळांचा बोर्ड होता. दोन रात्रींत सगळे स्विच उघडले, मिळेल तिथे ब्रश फिरवला आणि बंद केले. तिसऱ्या दिवशी टाइप करायला बसलो, तर कळ खाली जायची पण वर यायला आढेवेढे घ्यायची. आवाज म्हणाल तर ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. त्यात पाच-सहा कळा दाबूनही अक्षर उमटेना, कारण लीफच्या, म्हणजे विजेचा संपर्क जोडणाऱ्या, पत्र्या जिथे एकमेकींना टेकतात तिथेही मी ग्रीस थापलं होतं.

मग सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, स्विचचे भाग त्यात बुडवले, ढवळले. काही होईना. हे ग्रीस अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, नुसतं इकडचं तिकडे पसरतं, हे तेव्हा कळलं. शेवटी भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि एक अख्खा रविवार. स्प्रिंगा गंजू नयेत म्हणून एकेक पुसून वाळवली.

तेव्हापासून ब्रश डबीत बुडवला की दोन्ही बाजूंनी काठावर निपटतो. थर इतकाच, की प्लास्टिकचा रंग तोच दिसावा, फक्त चकाकी बदलावी. पांढरं काही दिसलं तर जास्त झालं. खालच्या हाउसिंगच्या (स्विचच्या बाहेरच्या कवचाच्या) आतल्या दोन्ही पट्ट्या आणि स्टेमच्या, म्हणजे कळीबरोबर वरखाली सरकणाऱ्या भागाच्या, घासणाऱ्या बाजू, बस. स्प्रिंगा झिपच्या पिशवीत टाकून जीपीएल १०५ तेलाचे थोडे थेंब सोडतो आणि हलवतो, टिणटिण गेलेली असते. आधी फक्त पाच स्विच करतो, कोरड्या स्विचच्या शेजारी बसवतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकतो. एका बैठकीत वीसच्या वर करत नाही, कारण दमलेल्या हाताने केलेले शेवटचे दहा वेगळेच वाजतात. "एका रात्रीत उरकलं" म्हणून फोटो दाखवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. आणि घरातला कुठला तरी स्प्रे बंद स्विचवर मारून मोकळे होणाऱ्यांशी मी वादच घालत नाही.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे स्पेसबार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार. खडखड होते स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब कळ सरळ खाली जावी म्हणून तिच्याखाली असलेल्या तारेच्या जोडणीची, आणि शिव्या खातो स्विच. मीही नायलॉन हाउसिंगचे स्विच लावून बघितले, पॉलिकार्बोनेटचे लावले, लांब पोलचेही (स्टेमच्या खालचा दांडा लांब असलेले) लावले. बाकीच्या कळांचा आवाज दरवेळी बदलला, स्पेसबार मात्र तसाच खुळखुळत राहिला. शेवटी स्टॅबिलायझरची तार काढून आरशावर ठेवली, तर एक टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर. दोन बोटांनी हळूहळू वाकवून सपाट केली, टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं, आवाज गेला. इथे मात्र हात सढळ चालतो. आता नवा बोर्ड आला की स्विचच्या पाकिटाला हात लावण्याआधी तारा आरशावर जातात.

लांब पोलच्या स्विचबाबतही एक चूक होते. नेहमीच्या स्विचचा प्रवास ४ मिमी, यांचा साधारण साडेतीन. पोलचं टोक थेट हाउसिंगच्या तळावर आपटतं म्हणून आवाज कडक आणि टणक येतो. तो आवडला म्हणून हे घ्यायचे आणि मग पोलवर ग्रीस थापून तो मारायचा, यात मला काही अर्थ दिसत नाही.

चेरी एमएक्स रेड हा लिनिअर स्विच दाबायला ४५ ग्रॅमचा जोर लागतो आणि ब्लॅकला ६० ग्रॅमचा. जड स्प्रिंग स्टेमला जोरात वर फेकते, म्हणून कळ सुटतानाचाही आवाज बदलतो. नुसता दाबतानाचा ऐकून निवडू नका.

फिल्म, म्हणजे हाउसिंगच्या दोन भागांमध्ये घालायची पातळ चकती, ढिल्या हाउसिंगलाच लावा. मुळात घट्ट असलेल्यात घातली तर झाकण नीट बसत नाही.

आवाजासाठी पीसीबीच्या (कीबोर्डातल्या सर्किट बोर्डाच्या) मागे टेप लावायची तर कागदी मास्किंग टेप. चकचकीत अॅल्युमिनियमची लावलीत तर शॉर्ट होईल.

फोम कोंबत सुटू नका. केस गच्च भरून टाकायची आणि मग "आवाज बसला" म्हणून रडायचं, हे रोजचं झालंय.

हॉटस्वॅप बोर्डात, म्हणजे जिथे सोल्डरिंग न करता स्विच सॉकेटमध्ये बसतात तिथे, स्विच दाबून बसवताना मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या आणि त्याआधी पिना सरळ आहेत का बघा. वाकडी पिन रेटली की सॉकेट पीसीबीवरून उखडतं. मग सोल्डरिंग आलं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तीच कळ, तीच जागा, तोच फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून रेकॉर्ड करतो आणि फाइलच्या नावात काय बदललं ते लिहितो. स्विच, प्लेट आणि कीकॅप एकाच संध्याकाळी बदलून "कशामुळे झालं?" असं विचारलंत तर मी काय सांगणार?

त्या ८७ मधले दोन स्विच धुऊनही अजून जड चालतात. एक स्क्रोल लॉकखाली आहे, एक पॉजखाली.