नाशिकला नव्याने आलात आणि दिवस गेलेत, तर आधी हे वाचा

दिवस गेल्याचं कळलं की पहिला फोन आईला जातो. जायलाच हवा. पण त्याच आठवड्यात घराजवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नावही नोंदवून या. ‘सातव्यात माहेरी जायचंच आहे, तिथेच बघू’ म्हणत सिडको-सातपूरच्या भाड्याच्या खोल्यांत महिने काढणाऱ्या पोरी मी फार बघते. मीही लग्नानंतर हिंगोलीहून इथे आले. सासू गावी, शेजारी अनोळखी, विचारायचं कुणाला हेच कळत नाही. म्हणून कळकळीने सांगते, बाळंतपण कुठेही करा, नोंदणी मात्र इथे आणि पहिल्या तीन महिन्यांतच करा.

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, वजन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. माहेरी जाताना डोहाळजेवणाच्या साडीआधी ते पिशवीत टाका. रात्री-अपरात्री अनोळखी दवाखान्यात पोचलात तर डॉक्टरांना तुमची माहिती त्यावरूनच कळते. रक्तगट निगेटिव्ह आला तर नवऱ्याचाही तपासा आणि अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. आधारवर गावाचा पत्ता आहे म्हणून घरी बसू नका. वस्तीतल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला गाठा. मातृवंदना योजनेचा अर्जही त्याच सांगतील. पात्र असाल तर पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००.

किमान चार तपासण्या हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात. बाळंतपणासाठी त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहेच, शिवाय महापालिकेची रुग्णालयं आहेत: नाशिकरोडला बिटको, द्वारकेजवळ झाकीर हुसेन, पंचवटीत इंदिरा गांधी, मोरवाडीत स्वामी समर्थ. आपल्याला जवळचं कोणतं ते आठव्या महिन्याआधी जाऊन बघून या. तारीख २०२७च्या पावसाळ्यातली असेल तर सिंहस्थाच्या पर्वणीला पंचवटीकडचे रस्ते कसे असतील याचाही आधीच विचार करा.

लोहाच्या गोळ्यांवर जरा थांबते, कारण बायका त्याच सोडतात. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून पाकीट कपाटात पडून राहतं. काळं होणं नेहमीचंच आहे, घाबरू नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस. आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. नागलीची भाकरी, शेपू, मेथी, गूळ-शेंगदाणे खाच, पण ते गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला. आणि मशेरी सोडा. तंबाखूच ती, बाळाचं वजन कमी भरतं.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत कामाला असाल तर फवारणी आणि घड बुडवायचं डिपिंगचं काम दुसरीला द्या. नवरा फवारणी करत असेल तर त्याचे कपडे वेगळे धुवा, आणि तेही त्यालाच धुऊ द्या. पावसाळ्यात डेंग्यूसाठी मच्छरदाणी दिवसाही वापरा. ताप आला तर मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटका, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा.

बाळ झाल्यावर तासाभरात छातीशी घ्या. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका, बाळाला तोच हवा. सहा महिने फक्त आईचं दूध. मध, गुटी, पाणी काही नाही, एप्रिलच्या उन्हातही नाही. आजी मंडळी प्रेमानेच आग्रह करतात, पण इथे ठाम राहा. शेक-शेगडीचंही तेच. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा धूर आणि वायू दोघांनाही घातक. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी घ्या. डिंकाचे, अळिवाचे लाडू मात्र खुशाल खा.

कंपनीत, अगदी ठेकेदाराकडे असलात तरी, पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांचा पगार मिळतो. एचआरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू आवरत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो तुमचा नाकर्तेपणा नव्हे, आजार आहे आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना तसंच सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं.